बळीचा दाखला

पाउनी महिना, दिवस १८

ज्याच्या कृपेवाचून जीभ हलत नाही आणि लेखणी ओली होत नाही, त्या पित्याची, त्याच्या पुत्राची व पवित्र आत्म्याची छाया या पानांवर असो. मी जे लिहीन ते सत्य असो. आणि सत्य कडू निघाले, तर तो दोष माझ्या शाईचा न मानता माझ्या गावाचा मानला जावो.

विषय हा: सम्राटाच्या हुकुमाने आमच्या मंडळीची परीक्षा सुरू झाली आहे, आणि मंडळी अनुत्तीर्ण होत आहे.

मी हेरक्लामोन, वय एकाहत्तर, या सरोवरकाठच्या गावातील ख्रिस्ती मंडळीचा वडील, म्हणजे पुढारी. चाळीस वर्षे मुलांना ग्रीक व्याकरण शिकवले. त्यांच्या जुन्या धड्यांच्या कोऱ्या पाठीवर हे लिहीत आहे. हुकूम असा की प्रत्येकाने मगरदेवाच्या मंदिरापुढे अधिकाऱ्यांसमोर उभे राहावे, अर्घ्य ओतावे, धूप टाकावा, बळीचे मांस चाखावे आणि तसा दाखला घ्यावा. दाखल्यावर सही करणारा लेखनिक सेरेनोस माझाच विद्यार्थी. त्याला क्रियापदे कधीच आली नाहीत.

ज्याला शास्त्र वाचता येते त्याला यात गूढ असे काही नाही. शेवटच्या दिवसांत उठेल म्हणून शास्त्रात सांगितलेला पशू उठला आहे आणि तो आपले चिन्ह वाटून देत आहे. फक्त ते कपाळावर न उमटवता पपायरसवर उमटवतो, कारण हल्लीचे पशूही कागदी कारभार करतात. शेवट जवळ आला. माझ्या हिशेबाने नदीला पूर येण्याआधी आकाश उघडेल.

मला बोलावणे येईल तेव्हा काय बोलायचे त्याची रचना आजपासून सुरू केली. चार भाग: प्रस्तावना, देवतांचे खंडन, न्यायाच्या दिवसाचे वर्णन, समारोप. असे भाषण या मंदिराच्या पायऱ्यांनी कधी ऐकलेले नसेल. साक्ष देऊन मरणाऱ्याला मुकुट मिळतो. तो मला हवा आहे. हे इथे लपवण्याचे कारण नाही.

पाउनी २०

ज्याच्या तेलघाण्याच्या मागील खोलीत आमची प्रार्थना होते, तो पेकिसिस तेली आज मंदिरापुढे जाऊन आला. डोक्यात फुलांची माळ तशीच. दारातच त्याला अडवले.

"माळ तरी काढायचीस."

"गुरुजी, विसरलोच बघा." त्याने ती काढली आणि कुठे टाकावी ते न कळून हातातच धरून बसला. "चार पोरं आहेत घरात. सगळ्यात धाकटीला अजून दात नाहीत."

"न्यायाच्या दिवशी दातांची चौकशी होणार नाही."

"चाखलं तेवढंच हो. गिळलं नाही. गालात धरून ठेवलं आणि कोपऱ्यावर थुंकलं."

ज्या प्रभूने आपल्यासाठी देह दिला, त्याच्याशी हा माणूस गालाच्या कोपऱ्याचा सौदा करतो! मी म्हणालो, "तुझा गाल नरकात जाईल आणि उरलेला तू स्वर्गात, असे समजायचे का?" तो हसला. हसण्याचे काय होते, ते त्यालाच ठाऊक.

पाउनी २२

अकरा जण वाळवंटाकडे पळाले. पळणे हे पाप नाही, पण ते करताना काही जणांनी बिछाने, कोंबड्या आणि खरबुजेही नेली. उरलेले रांगेत उभे राहिले. रांगेत! पतनालाही यांना क्रमांक हवा.

आज मंडळीसाठी नियम केला. ज्याने बळी दिला तो बाहेर. ज्याने स्वतः न जाता दुसऱ्याला पाठवले तोही बाहेर. ज्याने काही न करता नुसता दाखला जवळ ठेवला तोही बाहेर. अशांनी प्रार्थनेच्या वेळी दाराबाहेर उन्हात उभे राहावे, आणि प्रभू स्वतः न्याय करायला येईपर्यंत उंबरा ओलांडू नये. प्रभुभोजनाची भाकर त्यांना नाही, मरणकाळीही नाही.

कोप्रेस गाढववाल्याने हात वर केला. हा जन्मतः उकिरड्यावर टाकलेला सापडला, म्हणून नावही उकिरड्याचे. विचारतो, "गुरुजी, प्रभूच्या हजार वर्षांच्या राज्यात गाढवं असतील का? म्हणजे मला काही काम राहील का?"

मी शास्त्रातल्या शेवटच्या काळाच्या दर्शनांवर तीस वर्षे चिंतन केले ते याच्यासाठी.

पाउनी २५

तामिस्था, माझी विधवा धाकटी बहीण, सकाळी धुतलेला पदर घेऊन बाहेर पडली आणि मध्यान्ही परतली. तिच्या अंगाला धुराचा वास होता. विचारले तर म्हणाली, कोळ्यांकडे मासळी भाजत होते. जेवणात मासळी नव्हती. बायकांना घेतलेल्या वस्तू वाटेत वाटून टाकायची खोड असते.

मग म्हणाली, "दादा, चार दिवस बाहेर पडू नकोस. गुडघे सुजलेत तुझे. कुणी आलंच तर पडून राहा, बोलू नकोस फारसं."

"मला बोलावणे आले तर?"

"आलं तर मी आहे ना."

तिची समजूत मर्यादित आहे; मन चांगले आहे.

पाउनी २७

आज एक लक्षणीय गोष्ट घडली. भाषणाचा तिसरा भाग, म्हणजे न्यायाचा दिवस, मोठ्याने म्हणून पाहत होतो. समोर पाण्याचे तीन रांजण होते; त्यांना अधिकारी मानून मी हातवारे करीत होतो. "हे मातीच्या पुतळ्यांनो," असे म्हणून मधल्या रांजणाकडे बोट रोखले, आणि दारात एक परका माणूस उभा दिसला. त्याच्या हातात पाटी होती. त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले, रांजणांकडे पाहिले, मान हलवली आणि तामिस्थाला हळूच म्हणाला, "कधीपासून?"

ती म्हणाली, "म्हातारपण, दुसरं काय!"

तो निघून गेला. तामिस्था सांगते, तो तेलाचा व्यापारी. व्यापारी असो वा कोणी, त्याचे डोळे ओलावले होते. निव्वळ उताऱ्याने एवढा परिणाम, तर पूर्ण भाषणाने काय होईल!

एपेफ महिना, दिवस ३

नदी चढू लागली. दरवर्षीसारखीच, गढूळ आणि निर्लज्ज. मुले कालव्यात उड्या मारीत आहेत. माझ्या हिशेबात कुठे चूक झाली ते पुन्हा तपासतो आहे.

बोलावणे अजून नाही. गावातले बहुतेक सर्व जाऊन आले. कारण उघड आहे: सेरेनोसला माझ्यासमोर उभे राहण्याची भीती वाटते. छडी त्याने अजून विसरलेली नाही.

एपेफ ४

सकाळी भाकरी भाजता भाजता तामिस्था वर न पाहता म्हणाली, "दादा, मीही जाऊन आले."

मी विचारले, "जबरदस्ती झाली?"

"नाही. रांगेत उभी राहिले आणि केलं."

"कशासाठी?"

तिने भाकरी उलटली. "घरासाठी."

घरासाठी! दोन खोल्या, तीन रांजण आणि छपरावरची कबुतरे, यांच्यासाठी अनंतकाळ विकला. तिच्या बाप्तिस्म्याच्या वेळी मी स्वतः तिचा हात धरला होता. मी तिला नियम वाचून दाखवला. ती म्हणाली, "माहीत आहे, तूच लिहिलायस. येत्या रविवारी बाहेर उभी राहीन. डाळ खाली उतरवू का?"

एपेफ ५

तिच्या हातचे खावे की नाही यावर दिवसभर विचार केला. डाळ हा संस्कार नव्हे, असा निर्णय झाला. खाल्ली. मीठ नेहमीपेक्षा कमी होते.

एपेफ ९, प्रभूचा दिवस

आत दोघे: मी आणि कोप्रेस. बाकीची मंडळी दाराबाहेर भिंतीला टेकून. कोप्रेस पडला नाही यात त्याचा काही पराक्रम नाही. त्याचे नाव कुठल्याच जनगणनेत नसल्याने त्याला कोणी विचारलेच नाही.

मी दार उघडे ठेवायला लावले, म्हणजे बाहेरच्यांनाही ऐकू जावे. न्यायाच्या दिवसावर बोललो. ते दिवस येतील तेव्हा भेकडांना डोंगरांच्या कपारीही आश्रय देणार नाहीत. ज्यांनी स्वतःऐवजी दुसऱ्याला पुढे केले, त्यांचे नाव प्रभू त्यांच्या कानात उच्चारील आणि त्यांना ते ओळखू येणार नाही. म्हणालो, "मी तुमच्या जागी असतो, तर सरोवरात उडी घेतली असती, दाखला घेतला नसता."

पेकिसिसचा चेहरा लाल झाला. तोंड उघडून तो एक पाऊल पुढे आला. तामिस्थाने त्याचे मनगट धरले आणि मान हलवली. तो मागे सरकला. मग ते सगळे माझ्याकडे पाहू लागले. त्यांच्या नजरेत राग नव्हता. आजारी मुलाकडे पाहावे तसे काहीसे होते, आणि ते मला रागापेक्षा अधिक झोंबले.

पतितांना दया दाखवण्याचा अधिकार कोणी दिला?

एपेफ १७

अधिकारी वीस तारखेनंतर पुढच्या गावाला जाणार, असे कळले. मला बोलावलेले नाही. त्यांनी मला, या गावातल्या एकमेव सुशिक्षित माणसाला, मोजलेच नाही. कोप्रेसच्या पंक्तीत बसवले!

असा अपमान गिळून मी मरणार नाही. बोलावत नाहीत, तर मी स्वतः जाईन. परवा सकाळी, तामिस्था कालव्यावर गेली की.

मरणाचे भय वाटत नाही. गुडघे दुखतात, ते हवेमुळे.

एपेफ १९

सगळे जसे घडले तसे लिहितो.

मंदिराच्या ओसरीवर सेरेनोस मेजाशी बसला होता. जाड झाला आहे. बाजूला दोन शिपाई कांदा-भाकरी खात होते. मला पाहताच तो उठून उभा राहिला.

"गुरुजी! एकटेच आलात? ताई कुठेत?"

मी बसलो नाही. "मी ख्रिस्ती आहे," असे म्हणून भाषणाला सुरुवात केली. चारही भाग, एकही शब्द न गाळता. आकाशाची गुंडाळी होते तिथे मी हात वर केला. अग्निसरोवराचे वर्णन करताना मंदिरातील मगरीकडे निर्देश केला. शिपायांनी चावणे थांबवले. समारोपाला आवाज थोडा फाटला, पण वाक्यरचना निर्दोष होती.

सेरेनोस म्हणाला, "वा! पाणी घ्या, गुरुजी."

"मला तुरुंगात टाक."

"तुमचं काम झालंय केव्हाच." त्याने गठ्ठ्यातून एक दाखला काढून माझ्यापुढे धरला. "डोळ्यांना दिसतंय ना? का वाचून दाखवू?"

मला दिसत होते. तामिस्था, अमुक गावची, हिने सम्राटाच्या दैवाची शपथ घेऊन निवेदन केले होते की तिने स्वतःसाठी आणि भाऊ हेरक्लामोन याच्या वतीने अर्घ्य दिले व मांस चाखले. भाऊ: वय एकाहत्तर, गुडघ्याला सूज, वार्धक्याने बुद्धी गेलेला. खाली तपासनिसाची नोंद: घरी जाऊन पाहिले, इसम रांजणांशी बोलत होता. खाली सेरेनोसची सही.

चाळीस वर्षे ज्याने या गावाला शब्दांचा अर्थ शिकवला, त्याच्याविषयी हे शब्द. आणि ते माझ्या बहिणीने सांगितलेले.

"हे खोटे आहे," मी म्हणालो.

सेरेनोस एकदम पुढे वाकला. मग मोठ्याने, शिपायांना नीट ऐकू जाईल असा, एकेक शब्द सुटा करून बोलला, जसे मी त्याला पाठ म्हणायला लावीत असे.

"गुरुजी, लक्ष देऊन ऐका हं. तुमची बुद्धी शाबूत असेल, तर ताईंनी सम्राटाच्या नावानं खोटी शपथ घेतलीय. मग हे दोघे आता तुमच्या घरी जातील आणि ताईंना शहरात नेतील. तिथे काय करतात ते तुम्हाला ठाऊक आहे. आणि बुद्धी गेली असेल, तर कागद बरोबर आहे, आणि तुम्ही घरी जाऊन जेवायचं. म्हणून विचारतो. एकदाच विचारतो. तुमची बुद्धी शाबूत आहे का?"

सर्व प्रश्नांची उत्तरे मी तयार केली होती. देवता किती, सृष्टी कोणी केली, मेलेली हाडे कशी उठतील, सगळ्यांची. हा प्रश्न माझ्या चारही भागांत नव्हता.

एक शिपाई उभा राहिला आणि हात पुसू लागला.

मुकुट तिथेच होता. एक शब्द उच्चारायचा होता, आणि तो सत्य शब्द होता. मी तोंड उघडले. मला तामिस्थाची बोटे दिसली, भाकरी उलटताना भाजलेली.

मी म्हणालो, "बाळा, शाळा सुटली का?"

शिपाई हसले. एक म्हणाला, "सुटली, आजोबा. केव्हाच सुटली. जा घरी."

त्यांना अधिक पटावे म्हणून मी मेजावरची दौत उचलून पिऊ लागलो. सेरेनोसने ती हळूच माझ्या हातातून काढून घेतली. माझ्या ओठांवरची शाई त्याने आपल्या बाहीने पुसली आणि दाखला घडी करून माझ्या अंगरख्यात ठेवला. मग मान खाली घालून काहीतरी लिहू लागला. त्याच्या ओळी वाकड्या पडत होत्या. शाळेतही त्याचे अक्षर असेच होते.

मूर्खाला पटले.

घरी येईपर्यंत गुडघ्यांनी साथ दिली.

एपेफ २०

तामिस्थाला तिचा दाखला दाखवला. तिने तो पाहिला आणि ओल्या हातांनी माझ्या ओठांवर उरलेली शाई पुसू लागली.

"बुद्धी गेलेला, असे सांगितलेस?"

"मग काय सांगू? शहाणा आहे म्हटलं असतं तर तुला बोलावलं असतं."

"मला बोलावायलाच हवे होते!"

"हो, आणि तू तिथे उभं राहून सुंदर बोलला असतास. आणि मग?" पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "मग मी काय करायचं होतं, दादा? तुझ्या मुकुटाला रोज तेल लावत बसायचं?"

मी विचारले, "गावात कोणाकोणाला ठाऊक आहे?"

"सगळ्यांना."

"पेकिसिसला?"

"वेडा म्हण, असं त्यानंच सुचवलं. रांगेत माझ्या पुढेच होता तो."

म्हणजे मी दारातून न्यायाचा दिवस गर्जत होतो, तेव्हा बाहेर उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होते की माझ्या नावाचा दाखला मंदिरात आहे. पेकिसिसला एका वाक्यात मला जमिनीवर आणता आले असते. मी त्याच्या जागी असतो तर आणले असते. चांगले अलंकारयुक्त वाक्य करून आणले असते.

या लोकांविषयी काय मत करावे ते मला समजत नाही. तेलकट, अडाणी, गालात मांस लपवणारे लोक. त्यांनी एवढे मौन कुठून आणले?

दाखला मी फाडू शकतो. फाडला, तर तपासणीच्या वेळी तामिस्थाकडे दाखवायला काही उरणार नाही. तो पेटीत ठेवला आहे. नियमाचे तिसरे कलम मला पाठ आहे.

एपेफ २३, प्रभूचा दिवस

घाण्याच्या खोलीशी गेलो आणि दाराबाहेर भिंतीला टेकून उभा राहिलो. सावलीचा पट्टा हातभर होता. बाहेरच्यांनी सरकून जागा केली.

पेकिसिस म्हणाला, "गुरुजी, थोडं इकडे घ्या. तिथे गांधीलमाश्यांचं पोळं आहे. आम्हाला दोन आठवडे लागले कळायला." आणि त्यावर ते सगळे हसले, तामिस्थासुद्धा. मी त्यांना काय झाले ते सांगितले, दौतीपर्यंत सगळे. दौतीला ते पुन्हा हसले. हा त्यांचा विनोद!

इतक्यात कोप्रेस दारात आला. "गुरुजी, तुम्ही इथे काय करताय? आत मी एकटाच आहे. मला वाचता येत नाही."

"न पडता राहिलास तो तू एकटाच," मी म्हणालो. "आत असण्याचा अधिकार आता तुझाच."

तो म्हणाला, "मी कुठे उभा राहिलो? मला कुणी बोलावलंच नाही. बोलावलं असतं ना, तर मी मांस पहिलं खाल्लं असतं. वर्ष झालं मांस चाखून." मग त्याने दाराची दुसरी फळीही उघडली. "या आत सगळे. ऊन काय लागतंय!"

कोणी हलले नाही. सगळे माझ्याकडे पाहत होते; नियम माझा होता. तो करण्याचा अधिकार मला होता की नव्हता, हे मला आता सांगता येत नाही. मोडण्याचा आहे की नाही, तेही नाही. ज्याला न्याय करायचा आहे तो आला नव्हता. नदी भरून वाहत होती.

मी म्हणालो, "आत जा."

ते एकेक करून गेले. शेवटी मी गेलो.

भाकर मी मोडली नाही. तो अधिकार माझ्या हाताला उरला नव्हता. कोप्रेसने मोडली, आणि अगदी वाईट मोडली. तुकडे लहानमोठे झाले, चुरा जमिनीवर सांडला. मी ते पाहिले आणि त्याला काही सुचवले नाही. तामिस्थाला मिळाला तो तुकडा नखाएवढा होता. माझ्या हातावर त्याने सर्वांत मोठा ठेवला. मी खाल्ला.

जो कोणी ही पाने वाचील, उभा राहिलेला असो, पडलेला असो, किंवा ज्याच्यासाठी दुसरे कोणी मुकाट्याने पडले आहे असा असो, त्याच्यावर पित्याची शांती उतरो. त्याच्या घरात त्याला सांभाळणारे हात टिकोत, आणि न्यायाच्या दिवशी दार उघडायला कोप्रेससारखा कोणी अडाणी आत असो. आमेन.